घरच्यांना न सांगितलेलं

सृजित मिश्रा हे मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ. शेतकरी आत्महत्यांवरचा त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. यवतमाळ, वर्धा आणि वाशीम या तीन जिल्ह्यांतली १११ घरं त्यात होती. या प्रत्येक घरातल्या शेतकऱ्याने आत्महत्या केलेली होती. तुलनेसाठी, जिथे अशी घटना घडली नव्हती ती घरंही अभ्यासात घेतली होती.

या अभ्यासातला एक तक्ता मला फार महत्त्वाचा वाटतो. आत्महत्येच्या मागे कोणकोणत्या गोष्टी दिसल्या त्याची ती यादी आहे. एकेका घरात अर्थातच अनेक गोष्टी एकदम होत्या. सर्वांत वर कर्ज, १११ पैकी ९६ घरांत. त्याखाली घसरलेली आर्थिक स्थिती, ८२ घरांत. इथवर कुणाला नवल वाटणार नाही. तिसरी नोंद मात्र अशी, की गेलेला माणूस आपल्या अडचणी घरच्यांना सांगत नव्हता. अशी ६२ घरं निघाली. पीक बुडाल्याची नोंद याच्याही खाली येते, ४५ घरांत. मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाचा भार ३८ घरांत, व्यसन ३१ घरांत.

म्हणजे निम्म्याहून जास्त घरांत ज्या बायकोने रोज ताट वाढलं, ज्या भावाने त्याच वावरात डवरणी केली, त्यांना त्याच्या डोक्यात काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. यवतमाळच्या आत्महत्यांवर गेल्या वीस वर्षांत कापसाचा भाव, सिंचन, बियाणं, सावकारी या अंगांनी पुष्कळ लिहिलं गेलं. या तिसऱ्या ओळीवर फार थोडं. ही ओळ जितकी शेतीची तितकीच घराची आहे. मानसिक आरोग्याच्या संशोधनातून या जिल्ह्याला काही मिळायचं असेल तर ते याच ओळीपासून सुरू होतं, असं माझं मत आहे.

असं म्हटलं की लगेच आक्षेप येतो, ‘म्हणजे कास्तकाराला वेडं ठरवता काय?’ हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली ही जाहीरपणे नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. २०१७पासून दर १९ मार्चला किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेला ओ देऊन अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. त्या उपवासाचा रोख कायद्यांवर आणि धोरणांवर आहे, आणि तो तिथेच असायला हवा. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं, तेही कर्ज, व्याज, सिंचन याच वाटेने. आता समुपदेशनाचं नाव निघालं की चळवळीतल्या माणसाला धास्ती वाटते, की भावाचा प्रश्न सरकार मनाच्या खात्यात टाकून मोकळं होणार.

धास्ती खरी आहे, पण ‘कर्ज की मन’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. मिश्रांच्या अभ्यासातल्या तुलनेच्या घरांवरही कर्ज होतं, बोजा बराच कमी असला तरी. कर्जामुळे झोप उडते. झोप उडाली की निर्णय चुकतात, माणूस टाळाटाळ करू लागतो, बँकेत जाऊन पुनर्गठनाचा अर्ज देण्याइतकीही उभारी राहत नाही, पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा हा खाटेवर पडून असतो. मग कर्ज आणखी वाढतं. नैराश्य हा कर्जाचा परिणाम आहे आणि कर्ज न फिटण्याचं कारणही. ही साखळी जिथून तोडता येईल तिथून तोडायची. भाव, विमा, सिंचन ही एक जागा झाली, घर ही दुसरी.

आता त्या न बोलण्याकडे येऊ. यवतमाळच्या खेड्यात पुरुषाला विचारा, ‘काय झालं भाऊ, गप गप काहून?’ उत्तर ठरलेलं, ‘काही नाही. बोलून काय होते?’ त्याच्या मनात घरच्यांविषयी माया नसते असं नाही, उलट मायेपोटीच तो गप्प असतो. बायकोला ताप नको, म्हाताऱ्या बापाला लाज वाटायला नको, पोरीच्या सोयरिकीत अडथळा यायला नको. शिवाय कर्जाचे पदर अनेक. सोसायटीचं पीककर्ज घरात सगळ्यांना माहीत असतं, पण कृषी केंद्राची उधारी फक्त त्याला माहीत, आणि साळ्याकडून घेतलेले हातउसने तर त्या दोघांनाच. बायकोनेही बचत गटातून काही उचललेलं असतं आणि तिने ते त्याला पूर्ण सांगितलेलं नसतं. दोघं एकमेकांना जपण्यासाठी गप्प राहतात आणि दोघंही एकटे पडतात.

अशा एकटेपणाचं मोल लंडनच्या एका जुन्या अभ्यासातून नीट कळतं. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास करून १९७८ साली नैराश्याच्या सामाजिक मुळांविषयी पुस्तक लिहिलं. आयुष्यात मोठा धक्का बसल्यावरही सगळ्याच बायका आजारी पडत नव्हत्या. ज्यांच्याजवळ मनातलं सांगावं असं हक्काचं माणूस होतं, बहुतेक वेळा नवराच, त्या धक्का सोसून तरून जाण्याची शक्यता बरीच जास्त होती. धक्का टळत नव्हता, पण तो सांगायला कुणी असलं की आजाराची शक्यता कमी होत होती. कॅम्बरवेल आणि यवतमाळमधलं कळंब यांच्यात काहीच साम्य नाही, तरी तिथली ही गोष्ट आणि मिश्रांच्या तक्त्यातली तिसरी ओळ एकमेकींना जोडून वाचण्यासारख्या आहेत.

न बोललेलं दुःख शरीरातून बोलतं. डोकं जड होतं, छातीत धडधडतं, हातपाय गळतात, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येते. माणूस दवाखान्यात जातो, सलाईन लावून घेतो, शक्तीच्या गोळ्या आणतो. त्याला कुणी ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ असं विचारलं तर तो साफ नाही म्हणेल, आणि ते खोटंही नसेल, कारण त्याच्या लेखी त्याला डोकेदुखी आहे. म्हणून संशोधकांनी आडून विचारण्याची पद्धत बसवली. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप लागली का, थकवा किती दिवस होता, भूक कशी आहे, आपण घरच्यांना कमी पडलो असं वाटलं का, लक्ष लागतं का, आणि शेवटी, जगून काय उपयोग असं मनात आलं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की नीट तपासणी व्हायला हवी, असा साधारण संकेत आहे. ही यादी म्हणजे निदान नव्हे. पण ज्याच्याकडे एरवी कुणी पाहिलंच नसतं असा माणूस तिच्यामुळे नजरेत येतो.

२०१५ साली महाराष्ट्र सरकारने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत, म्हणजे पश्चिम विदर्भ आणि वर्धा मिळून सहा आणि मराठवाड्यातले आठ, प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन तणावाखालचे शेतकरी हेरायचे, त्यांना आरोग्य केंद्रापर्यंत आणायचं, तिथून गरज पडली तर जिल्ह्याच्या दवाखान्यात, अशी त्याची रचना. त्याच वर्षी यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियानही आलं. कल्पना योग्यच होती. पण आशाताईच्या अंगावर आधीच लसीकरण, गरोदर बायांची नोंद, पाणी तपासणी, क्षयरोगाची औषधं असं सगळं आहे. त्यात तिला या कामाचं पुरेसं प्रशिक्षण आणि पाठीशी उभं राहणारं माणूस मिळालं नाही, तर नऊ प्रश्न ही नुसती भरायची जागा होऊन बसते.

नीट केलं तर काय होतं, याचं उत्तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मिळालं. गोव्यातल्या संगाथ या संस्थेचे विक्रम पटेल, तसेच राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा ट्रस्टच्या मदतीने तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला. गावातल्याच कार्यकर्त्यांना मानसिक आरोग्याचं प्राथमिक प्रशिक्षण, त्यांच्या वर थोडं अधिक शिकलेले समुपदेशक, आणि ठरावीक दिवशी येणारे मनोविकारतज्ज्ञ, अशी तीन पायऱ्यांची रचना होती. दीड वर्षाच्या अंतराने दोनदा पाहणी झाली आणि निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी पहिल्या पाहणीत ४.३ टक्के लोक कुठलीतरी मदत घेत होते, दुसऱ्या पाहणीत २७.२ टक्के. नैराश्याचं प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३वर आलं. गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ झाले.

या आकड्यांकडे सावधपणे पाहिलं पाहिजे. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावं बाजूला ठेवलेली नव्हती. त्या दीड वर्षात पाऊसपाणी किंवा भाव बदलल्यानेही थोडा फरक पडू शकतो. तरी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सहापट होणं ही पावसाची करामत नव्हे. आणि मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की पहिल्या पाहणीत नैराश्य असलेल्या शंभरातले पंचाण्णवहून जास्त जण कुणाकडेच गेले नव्हते. आपल्याकडे ‘खेड्यातला माणूस मानसिक आजारासाठी येतच नाही’ असं छातीठोक सांगितलं जातं. ओळखीचं माणूस दारात आलं तर तो येतो.

समुपदेशन म्हणजे उपदेश किंवा धीर देणं, असा समज सर्वत्र आहे. तेव्हा प्रत्यक्षात काय करतात ते जवळून पाहू. संगाथनेच गोव्यात एक पद्धत तपासली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४९३ रुग्ण, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी त्यांच्यापैकी निम्म्यांशी सहा ते आठ भेटींत काम केलं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, इतरांत ३९ टक्के. या भेटींचा गाभा दोन गोष्टींचा आहे, अडकलेली कामं पुन्हा सुरू करणं आणि प्रश्नाचे तुकडे करणं.

समजा, राळेगाव तालुक्यातला एक पंचेचाळीस वर्षांचा कास्तकार आहे, पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. समुपदेशक ताई ओसरीवर बसली आहे, बायको दाराशी उभी आहे. पहिल्या भेटीत ताई त्याच्याशी कर्जावर बोलतच नाही. ती विचारते, ‘भाऊ, पहिले सकाळी उठून काय काय करत होते?’ बैलांना पाणी, धुऱ्यावरून चक्कर, पारावर चहा, पोरीला शाळेपर्यंत सोडणं. आता यातलं काय चालू आहे? काहीच नाही. बैल बायको सोडते, पारावर लोक उधारी विचारतील म्हणून जाणं बंद, पोरगी एकटी जाते. इथे ताई त्याला एक गोष्ट समजावते, आणि ती पुढच्या सगळ्या भेटींत पुन्हा पुन्हा येते. आपल्याला वाटतं, मन लागलं की काम करू. या आजारात उलटं आहे, आधी काम, मग मन. म्हणून पुढच्या आठवड्यापुरतं एकच ठरतं, बैलांना सकाळचं पाणी त्यानेच पाजायचं आणि पोरीसोबत शाळेच्या फाटकापर्यंत जायचं. जमलं तर वहीत खूण. नाही जमलं तर का नाही जमलं ते बोलायचं, ओशाळायचं नाही.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत कागद निघतो. त्यावर एकेक देणं लिहायचं, कुणाचं, किती, व्याज काय, कधीपर्यंत, आणि थांबणं शक्य आहे का. बहुतेकदा इथे पहिल्यांदा नवरा-बायको एकमेकांच्या देखत सगळे आकडे उच्चारतात. ‘तुया गटाचे बारा हजार?’ ‘हो, पोराच्या फीचे होते, तुमाले नाही सांगितलं.’ कधी आवाज चढतो. ताई थांबवत नाही, पण हात उचलला जाणार नाही आणि जुनी उणीदुणी निघणार नाहीत याकडे लक्ष ठेवते. मग कागदावरची देणी वेगळी होतात. सोसायटीच्या सचिवाला भेटून पुनर्गठनाचं विचारायचं, साळ्याला सरळ सांगायचं की तुरीनंतर देतो, कृषी केंद्रवाल्याला निम्मे आता. एकूण रकमेतला एक रुपयाही यातून कमी होत नाही. पण मनात जो एकच मोठा आकडा घोंघावत होता, त्याची पाच-सहा कामं होतात, आणि कामं वाटून घेता येतात. बायको म्हणते, भावाशी मी बोलते. त्याक्षणी मिश्रांच्या तक्त्यातली ती तिसरी ओळ या घरापुरती खोडली जाते.

गोव्याच्या त्या चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि कुटुंबाच्या दृष्टीने ती मला फार मोठी वाटते. ज्या बायांना हे समुपदेशन मिळालं, त्यांच्यात नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं. बाईचं नैराश्य उतरलं की घरातलं तिचं पाऊल बदलतं, हे त्यातून दिसतं. याच गटाने दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी वेगळं समुपदेशन तपासलं. तीन महिन्यांनी त्यातले ३६ टक्के घातक पिण्यातून बाहेर आले होते, समुपदेशन न मिळालेल्यांतले २६ टक्के. बायकोवरच्या हिंसेत मात्र फरक दिसला नाही. एकट्या पुरुषाशी बाटलीबद्दल बोललं तर बाटली थोडी सुटते, घर आपोआप सुधारत नाही.

यवतमाळच्या बायांना हे कुणी शिकवायला नको. वर्धा जिल्हा १९७०च्या दशकापासून दारूबंदीचा, गडचिरोली १९९३पासून, चंद्रपूर २०१५ ते २०२१ या काळात, आणि शेजारचं यवतमाळ खुलं. स्वामिनी दारूबंदी आंदोलनातून जिल्ह्यातल्या हजारो बाया मोर्चाला उतरल्या, दुकानं बंद करण्यासाठी ठराव केले. बंदीने व्यसन सुटतं का यावर मतभेद असू शकतात, पण त्या बाया जे मागत होत्या ते घरातलं संरक्षण होतं. व्यसनमुक्तीच्या कामात घराला सोबत घ्यावं लागतं हे पुण्याच्या मुक्तांगणने १९८६पासून दाखवलंय. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी नावाचा वेगळा गट चालतो. नवऱ्याची दारू ही आपली चूक नव्हे, त्याच्या वतीने खोटं बोलायची जबाबदारी आपली नव्हे, हे बायका तिथे एकमेकींकडून ऐकतात. असा गट यवतमाळच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असायला काय हरकत आहे? जागा लागते एक खोली, आणि एक जाणती बाई.

घर आधार देतं तसं घर आजार वाढवतंही. हे ऐकायला कडू आहे, पण संशोधनात पक्कं बसलेलं आहे. तेच जॉर्ज ब्राऊन १९५०च्या दशकात लंडनच्या मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्या रुग्णांचा माग काढत होते. त्यांना अपेक्षेविरुद्ध दिसलं, की आईबाप किंवा जोडीदाराकडे परतलेले रुग्ण पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाण भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांपेक्षा जास्त होतं. कारण शोधता शोधता ते घरातल्या बोलण्यापाशी पोचले. सततची टीका, राग, किंवा रुग्णाला श्वासही घेऊ न देणारी काळजी, या तीन गोष्टी जिथे जास्त तिथे आजार परतत होता. १९८०च्या दशकात चंडीगडमध्ये हेच मोजलं तेव्हा भारतीय घरांत अशी टीका पाश्चात्त्य घरांपेक्षा कमी निघाली. यावर आपण खूश होऊन बसावं असं मला वाटत नाही. ‘दोन लेकरांचा बाप हायेस, बाईसारखा काय रडतेस’ हे वाक्य आपल्याच ओसरीवर बोललं जातं.

घराला उपचारात घेण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहू दिलं. नातेवाइकांनी आजार जवळून पाहिला, डॉक्टरांचं बोलणं ऐकलं, आणि माणसं लवकर घरी गेली. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही कुटुंबासह उपचाराची पद्धत उचलली. पश्चिमेत कुटुंबाला रुग्णापासून दूर ठेवण्याची रीत होती तेव्हाची ही गोष्ट आहे.

आत्महत्या झालेल्या घरात पुढे काय होतं, इथे यवतमाळचा अनुभव सर्वांत कठीण आहे. सरकारी मदत एक लाख रुपयांची, २००५च्या निर्णयापासून. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ही मदत मिळायला प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं, आणि पात्र ठरायला नापिकी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज आणि वसुलीचा तगादा हे कागदावर दाखवावं लागतं. साळ्याचे हातउसने त्यात बसत नाहीत, विनापरवाना सावकाराची चिठ्ठीही बसत नाही. आणि तो दोन महिने झोपत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता, पीत होता, असं बायकोने सांगितलं तर प्रकरण अपात्र होण्याची भीती. मग ती ते सांगत नाही. जिवंतपणी त्याने घरच्यांना सांगितलं नाही, मेल्यावर घरच्यांना सरकारला सांगता येत नाही. मानसिक आजाराची खरी आकडेवारी या जिल्ह्यातून कधी नीट निघत नाही याला ही चौकट मोठं कारण आहे, आणि ती बदलायला एक शासन निर्णय पुरेसा आहे. मदत मृत्यूच्या कारणाला नव्हे, मागे राहिलेल्या घराच्या गरजेला जोडली तर बाई खरं बोलू शकेल.

मागे राहिलेल्या बाईचं दुःख नुसतं वियोगाचं नसतं. सासरचे तिच्याकडे बोट दाखवतात, दीर सातबाऱ्यावर नाव चढू देत नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ जणींची पाहणी केली, तेव्हा ४० टक्के जणींच्या नावावर त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती. या बाईला समुपदेशन म्हणजे तलाठ्याकडे सोबत जाणारं माणूसही हवं असतं. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. त्या अशाच एका घरातल्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवा स्वतः रंगमंचावर उभ्या राहतात, वैशालीताई त्यांच्यापैकीच एक. वर्षानुवर्षं दाराआड ठेवलेलं दुःख शंभर माणसांपुढे मोठ्याने बोलणं, तेही आपल्यासारख्याच बायकांच्या सोबतीने, याला उपचार म्हणायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

पुन्हा चळवळीतल्या माणसाच्या त्या आक्षेपाकडे, कारण तो सोडून पुढे जाणं बरोबर नाही. समुपदेशनाने कापसाला भाव मिळत नाही. आणि पैशाने मन सावरतं याचाही पुरावा आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांच्या हातात थेट रक्कम देणारी योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली तेव्हा अर्थशास्त्रज्ञांनी तालुकेनिहाय आकडे तपासले. योजना आलेल्या भागांत आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्या होत्या. श्रीलंकेने १९९०च्या दशकापासून शेतीतली सर्वांत जहाल औषधं एकेक करून बंद केली आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण तब्बल ७० टक्क्यांनी खाली आलं. आत्महत्येचा झटका बहुधा थोड्या वेळाचा असतो. तेवढा वेळ टळला तर बहुतेक माणसं जगतात. म्हणून फवारणीची औषधं घरात, हाताशी न ठेवता कुलपात ठेवणं आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असणं, हा तज्ज्ञांचा सल्ला प्रत्येक शेतकरी घराने आजच मानावा असा आहे.

कुणी ‘माझं आता काही खरं नाही’, ‘तुमचं तुम्ही बघा’ असं बोलू लागला, देणीघेणी अचानक मिटवू लागला, आवडीची वस्तू वाटून टाकू लागला, तर त्याला थेट विचारावं, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती खोटी आहे. २०१४ साली यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात विचारण्याने धोका वाढल्याचं कुठे दिसलं नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नये. पोलिसांचं लफडं होईल म्हणून लपवूही नये. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं आहे, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक केलं आहे.

टेलिमानस ही सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. ज्याला त्रास आहे त्यानेच फोन करायला हवा असं नाही. बायको, भाऊ, शेजारी, शाळेतले गुरुजी, कुणीही त्याच्याविषयी काळजी वाटते म्हणून फोन करू शकतं. फोनवर समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो आणि जवळच्या दवाखान्यात कुठे जायचं ते सांगतो. फोन लावण्याआधी त्याला किती दिवसांपासून झोप नाही, कोणती औषधं चालू आहेत, दारू आहे का, आणि घरात सध्या त्याच्याजवळ कोण आहे, एवढं एका कागदावर लिहून ठेवलं की बोलणं सोपं जातं.